जागा खाली असल्याबाबत

अक्षय्य तृतीया: मदरबोर्ड विकत घेतला. जबाबदार: जबलपूरच्या गोरखपूर बाजारातील दुकानदार, ज्याने "चार मतलब चार" असे माझ्यासमोर सांगितले.

वटपौर्णिमेचा आदला दिवस: जोडलेला संगणक घरी आला, त्यात जुनी डिस्क दिसेना. जबाबदार: बोर्ड बनवणारी कंपनी.

दिव्यांची अवस: मदत केंद्राकडे लेखी तक्रार. जबाबदार: मदत केंद्र, ज्याने एका ओळीत उत्तर दिले आणि त्या ओळीत कारण दिले नाही.

नागपंचमी: तक्रार "ग्राहक की पुष्टि के बाद" बंद. जबाबदार: पुन्हा मदत केंद्र, आणि काही अंशी एक शब्द, ज्याच्यावर कारवाई करता येत नाही.

घटस्थापना: दोष सापडला. जबाबदार: कोणीही नाही, असे वरील सर्वांचे म्हणणे आहे.

तिथी मी मुद्दाम दिल्या आहेत. इंग्रजी तारखा माझ्या पत्रांवर आहेत आणि ती पत्रे कंपनीकडे पोचली आहेत. त्यांनी ती काढून पाहावीत. आमच्या घरात या पाच महिन्यांची मोजणी सणांनीच झाली, कारण प्रत्येक सणाला माझी पत्नी एकच प्रश्न विचारी, "झालं का हो ते सुरू?" आणि प्रत्येक सणाला मला "नाही" म्हणावे लागे.

तिच्या प्रश्नाचे कारण आधी सांगतो, म्हणजे मी एका यंत्रासाठी एवढा का संतापलो, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल. माझी पत्नी येथील एका शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्तीनंतर तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग निकामी होऊ लागला. कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही. माणसाकडे पाहिले की त्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असे ती हसत सांगते. डॉक्टर म्हणाले, जे गेले ते परत येणार नाही. जे आहे ते किती टिकेल सांगता येत नाही. वाचायचे असेल ते मोठ्या अक्षरात आताच वाचून घ्या.

मराठी मंडळाचे वाचनालय बंद होऊन त्याची पुस्तके नागपूरला रवाना होण्याआधी मी तिच्या आवडीच्या पुस्तकांची पानन् पान छायाचित्रे काढून ठेवली होती. ती सर्व एका डिस्कमध्ये होती. मुलीने भिंतीएवढा वाटेल असा पडदा घेऊन दिला होता. त्यावर पान उघडले की एकेक अक्षर बोराएवढे होई, आणि ती खुर्ची जवळ ओढून, मान जरा तिरकी करून, कडेच्या नजरेने वाचत बसे. मी वाचून दाखवू का, असे विचारले तर म्हणे, "तुम्ही वाचता ते कोर्टात पुकारा केल्यासारखं वाटते. मला माझ्या चालीनं वाचू द्या."

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या अधारताल भागात वीज वारंवार येत-जात होती. अशाच एका खेपेस जुन्या संगणकाचा बोर्ड जळाला. डिस्क वाचली. नवा संगणक आणून त्याला ही डिस्क जोडली की काम झाले, इतके हे प्रकरण सरळ होते.

आमचे जावई साताऱ्याचे. संगणकातले त्यांना चांगले कळते. ते फोनवर म्हणाले, "बाबा, तयार घेऊ नका. सुटे भाग घेऊन जोडून घ्या. फक्त बोर्ड नीट निवडा. बाकी सगळं बदलता येतं, बोर्ड बदलला की सगळंच बदलावं लागतं."

मी आयुष्यभर न्यायालयाच्या अनुवाद विभागात काम केले. या भागातले जुने मराठी दस्तऐवज, वाटणीपत्रे, बक्षीसपत्रे यांचे हिंदी करून देणे हे माझे काम. त्यामुळे कोणतीही गोष्ट घेण्यापूर्वी तिचा मजकूर पूर्ण वाचण्याची मला सवय आहे. गोरखपुरातल्या दुकानात मी तीन बोर्डांच्या पेट्या काउंटरवर मांडायला लावल्या आणि भिंग घेऊन तिन्हींच्या पाठीमागचा मजकूर वाचू लागलो. मागे गिऱ्हाइके खोळंबली. दुकानदार मला वकील समजतो. मी वकील नाही, हे सांगून मी थकलो आहे.

"वकील साहब," तो म्हणाला, "बोर्ड लेना है कि बहू देखनी है?"

"बहू बदलता येते का?" मी विचारले. "बोर्डही बदलता येत नाही, असं ऐकलं आहे."

तो हसला. त्याला मराठी समजते. पण तो बोलत नाही. मग त्याने आपणहून मधला बोर्ड पुढे सरकवला. त्यावर नव्या पद्धतीच्या डिस्कसाठी, म्हणजे च्युइंगगमच्या कांडीएवढ्या पट्टीसाठी, दोन जागा होत्या. पहिली वर, दुसरी खाली. अशा जागेला एम-टू म्हणतात. आणि जुन्या पद्धतीच्या डिस्कची तार लावण्यासाठी चार तोंडे होती. त्यांना साटा पोर्ट म्हणतात. पेटीवर ठळक अक्षरात लिहिले होते: साटा पोर्ट, चार.

"चारों चलेंगे?" मी विचारले.

"चार मतलब चार," तो म्हणाला, आणि आतल्या माणसाला जबलपुरी हाक मारली, "अरे बड्डे, साहब का बोर्ड निकालो, साहब मान गए."

मी मानले होते, हे खरे आहे. छापील मजकूर होता, तोंडी ग्वाही होती. यापेक्षा अधिक पुरावा कोणता ग्राहक मागू शकतो, हे मला आजही समजलेले नाही.

पहिला महिना तर दुकानातच गेला. प्रोसेसर नवा, बोर्ड त्याच्याहून आधीचा. बोर्डातला मूळ कार्यक्रम, ज्याला बायोस म्हणतात, तो त्या प्रोसेसरला ओळखेना. तो अद्ययावत करावा लागेल, त्यासाठी दुसरा जुना प्रोसेसर यावा लागेल, तो कटनीहून येईल, असे मला सांगण्यात आले. एकाच कंपनीने आपल्या पेटीवर ज्या प्रोसेसरचे नाव छापले, त्यालाच तिच्या बोर्डाने अनोळखी ठरवावे, ही गोष्ट मी पत्रात लिहिली. त्याचे उत्तर आले नाही.

शेवटी जोडणी झाली. त्या दिवशी जावयांनी व्हिडिओवर राहून ती पाहिली. संगणक घरी आला, त्याच्या पत्र्याच्या पिंजऱ्यावर दुकानाचा कागद चिकटवलेला: उघडल्यास हमी संपेल. पत्नीने यंत्राला हळदकुंकू वाहिले. मी कळ दाबली. नवी पट्टी दिसली, पडदा लागला, सर्व झगझगीत. जुनी डिस्क मात्र कुठेच नव्हती.

मी बायोस उघडले. इतके बारीक अक्षर मी कोणत्याही खरेदीखतात पाहिलेले नाही. भिंग लावून एकेक ओळ वाचली. तिथे लिहिले होते, पहिला पोर्ट: चालू. आणि त्याच ओळीत पुढे: काहीही जोडलेले नाही. जोडताना तर मी दुकानात डोळ्यांनी पाहिले होते. मग मी सुरू होण्याचा क्रम बदलून पाहिला. पोर्ट बंद करून पुन्हा चालू केला. डिस्कची कार्यपद्धती ठरवणारी एक ओळ होती, ती बदलली. तेव्हा संगणकच सुरू होईना, आणि दुकानात नेऊन बोर्डावरची गोल बॅटरी काढून त्याला सगळे विसरायला लावावे लागले. घरी आणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पोर्ट चालू. काहीही जोडलेले नाही. एखाद्या पक्षकाराने न्यायालयात उभे राहून "हजर" म्हणावे आणि लेखनिकाने नोंदीत "गैरहजर" लिहावे, तसा हा प्रकार होता.

दुकानदाराने तार शेजारच्या पोर्टात लावून पाहिली. तरी नाही. उरलेले दोन पोर्ट पत्र्याच्या आड होते, तिथे तार पोचत नव्हती. तो म्हणाला, "डिस्क पुरानी है साहब, मर गई. कहो तो फॉर्मेट मार के देख लें?"

फॉर्मेट मारणे म्हणजे आतले सर्व पुसून टाकणे, इतके मला माहीत होते. त्या वाक्यानंतर ती डिस्क त्याच्या हाती ठेवणे शक्य नव्हते. संगणक जसा होता तसा घरी आणला. पत्नीने पिंजऱ्याला कान लावला आणि म्हणाली, "फिरून राहिली ना ती. मेली असती तर फिरली असती काहून?"

वीज वेगळ्या तारेने येते म्हणून फिरते, त्यावरून काही सिद्ध होत नाही, असे जावई म्हणाले. "दिवाळीला मी येतोच आहे. तोवर कुणालाही हात लावू देऊ नका," असेही म्हणाले. त्यांचे म्हणणे योग्य होते. पण दिवाळी दूर होती, आणि डोळे दिवाळीपर्यंत थांबतील असे लेखी कोणी देत नव्हते. पत्नीने पुन्हा हातात भिंग घेतले. आधी वर्तमानपत्राचे मथळे वाची, मग फक्त कालनिर्णयावरचे मोठे आकडे, मग भिंग टेबलाच्या खणात गेले.

मी लेखणी उचलली. कंपनीला लिहिले, वितरकाला लिहिले, मदत केंद्राला लिहिले. कंपनी म्हणाली, विक्रेत्याकडे जा. विक्रेता म्हणाला, कंपनीचा माल आहे. अधिकारक्षेत्राचा हा वाद मी नोकरीत पुष्कळ पाहिला. फरक एवढाच की तिथे शेवटी एखादे न्यायालय "हे आमचे" म्हणते. अखेर मदत केंद्राकडून हिंदीत एक ओळ आली: "कृपया दूसरा एम-टू खाली रखें।" का, ते नाही. कशाशी संबंध, ते नाही.

मी लगेच जावयांना फोन केला. संगणकाचे सर्व निर्णय त्यांना विचारून घ्यायचे, असे आमचे ठरले होते. आता या संभाषणाकडे नीट लक्ष द्यावे, ही विनंती.

मी म्हणालो, "मदत केंद्राचं उत्तर आलं. दुसरं एम-टू खाली ठेवा म्हणतात."

"खालीच आहे की, बाबा."

"नक्की?"

"अहो, व्हिडिओवर मी स्वतः बघितलंय. खालीच आहे."

"मग ह्यांनी हे काय नवीन सांगितलं?"

"काही नाही. उत्तर द्यायचं म्हणून दिलंय. ह्यांना काही कळत नाही."

या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत होतो. त्याच दिवशी मी मदत केंद्राला स्वच्छ हिंदीत कळवले की, आपल्या निर्देशानुसार दुसरे एम-टू आधीपासूनच खाली आहे. त्यांचे उत्तर नागपंचमीला आले: ग्राहकाने स्लॉट खाली असल्याची पुष्टी केली आहे, दोष डिस्कचा आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे.

त्यानंतर मी लिहिलेली पत्रे बंद झालेल्या दारावर वाजवलेल्या कड्या होत्या.

घटस्थापनेला जावयांचा फोन आला. पत्नीला फोनचा पडदा दिसत नाही, म्हणून आमच्याकडे फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. ती फुलांच्या माळा करत बसली होती. ते काम तिला बोटांनी येते. दिवाळीला येताना काय काय अवजारे आणू, हे जावई सांगत होते. म्हणाले, "आल्यावर आधी पट्टी काढून बघतो. पट्टी खाली आहे, वरची जागा रिकामी आहे, तेव्हा अडचण नाही."

पत्नीचा हात माळेवर थांबला. "काय म्हणाले जावईबापू? वरची काय आहे?"

"रिकामी आहे, आई."

"आणि खालची?"

"खाली पट्टी आहे."

ती माझ्याकडे वळली. माझा चेहरा तिला दिसत नव्हता, पण तो कसा झाला असेल हे तिला ठाऊक असावे. "अहो, ऐकलं का? त्यांचं खाली म्हणजे खालती. ते साताऱ्याचे. तुमचं खाली म्हणजे रिकामं. तुम्ही जबलपूरचे."

मग जावई म्हणाले, "म्हणजे ते हिंदीतलं खाली होतं?"

"मदत केंद्र हिंदीत बोलून राहिलं होतं ना बापू," ती म्हणाली. "ते काय तुमच्या साताऱ्याचं आहे?" आणि ती हसू लागली. "वर्गात पोरं लिहायची, 'माझा डबा खाली आहे.' मी लाल शाईनं विचारायची, 'कशाच्या खाली?' इतकी वर्षं त्यांना रिकामा, रिकामा शिकवलं. घरातलाच एक विद्यार्थी राहून गेला."

मी त्या हसण्यात सामील झालो नाही. माझा व्यवसाय शब्दांचा होता, तरीही मला येथे कोणावर शब्दाचा आरोप ठेवता येत नाही. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, दारात हिंदी, आणि उंबऱ्यावर असे काही शब्द जे दोन्हीकडे जातात. "घर खाली झाले", "बस खाली आहे", "हात खाली आहेत का?" हे आमच्याकडे मराठीच समजले जाते. जावई त्यांच्या मराठीत खरे बोलले, मी माझ्या मराठीत खरे बोललो, मदत केंद्र त्याच्या हिंदीत खरे बोलले. तिघांच्या खरेपणातून एक खोटी पुष्टी तयार झाली, आणि तिच्यावर तक्रार बंद झाली.

दुसऱ्या दिवशी मी संगणक गोरखपूरला नेला. दुकानातल्या माणसाने खालच्या जागेतली पट्टी काढून वरच्या जागेत बसवली. खालची जागा खाली झाली. जुनी डिस्क तत्क्षणी पडद्यावर आली, सर्व पाने जशीच्या तशी.

दुकानदार म्हणाला, "लो साहब. बस इत्ती सी बात थी."

मी त्याच्याकडून बोर्डासोबत आलेली पुस्तिका मागून घेतली. ती त्याच्या खणात पडून होती, मला दिलीच गेली नव्हती. साटा पोर्टांच्या तक्त्यात "चार" या आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी, म्हणजे तळटीपेची खूण, होती. पेटीवरच्या चारला चांदणी नव्हती. चांदणीचा मजकूर त्या पानावर नव्हता. तो बऱ्याच पुढच्या पानाच्या तळाशी, फिकट राखाडी रंगात, माझ्या भिंगालाही जेमतेम दिसेल अशा अक्षरात होता. त्याचा अर्थ असा: दुसऱ्या एम-टू जागेत पट्टी बसवल्यास पहिले दोन साटा पोर्ट काम करणार नाहीत.

आता माझे म्हणणे मांडतो. कोणाचा हक्क काढून घ्यायचा असेल तर त्याला आधी सूचना द्यावी लागते. हे तत्त्व शिकण्यासाठी वकील असावे लागत नाही. परंतुक, म्हणजे अपवाद, हे कलमाला लागून लिहितात, दुसऱ्या प्रकरणात लपवत नाहीत. बोर्डाने दोन पोर्ट बंद केले, ते ठीक; तशी त्याची रचना असेल. पण बंद केल्यावर त्याने "चालू" असे का लिहिले? "दुसऱ्या जागेमुळे बंद", इतके तीन शब्द त्या काळ्या पडद्यावर मावत नव्हते काय? ते तीन शब्द असते तर माझ्या घरात खाली या शब्दाचा अर्थ लावायची वेळच आली नसती. शब्दाची चूक नंतरची आहे. पहिली चूक मौनाची आहे.

दुकानदार म्हणतो, झाले ना सुरू, आता सोडा. जावई, जे मनाने अतिशय चांगले आहेत आणि या प्रकरणात माझ्याहून अधिक ओशाळले आहेत, तेही म्हणतात, "बाबा, आई वाचतायत ना आता, मग झालं." त्यांनी दिवाळीला येऊन सर्व सेटिंग पुन्हा तपासले, अक्षर एका कळीने मोठे व्हावे अशी सोय केली. पण ते वाचन कसे आहे, हे मी रोज शेजारी बसून पाहतो.

डिस्क घरी आली त्या संध्याकाळी मी तिला उन्हाळ्यात अर्धे सोडलेले पान उघडून दिले. उन्हाळ्यात त्या पडद्यावर अर्धे पान मावे आणि ती ते वाचत असे. ती खुर्ची ओढून बसली, मान तिरकी केली.

"मोठं करा."

मी मोठे केले. चार ओळी उरल्या.

"आणखी."

एक ओळ उरली.

"आणखी थोडं."

पडद्यावर दोन शब्द उरले. ते तिने वाचले, मोठ्याने, शिक्षिकेच्या स्पष्ट उच्चारात. मग मी पान सरकवले आणि पुढचे दोन. वाक्य संपायला इतका वेळ लागला की शेवटी पोचल्यावर तिने विचारले, "सुरुवात काय होती हो?"

मी नुकसानभरपाई मागत नाही. अक्षय्य तृतीया ते घटस्थापना या काळात अर्ध्या पानाचे दोन शब्द झाले, त्याची भरपाई कोणत्याही कंपनीकडे नाही, आणि ते सर्व या कंपनीमुळे झाले असा माझा दावाही नाही. डोळे जायचे तसे जातच होते. पण वाचता येत होते ते महिने तिच्या वाट्याचे होते, आणि ते एका चांदणीखाली ठेवले गेले.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. ज्या व्यक्तीने तो मजकूर त्या पानाच्या तळाशी, त्या आकारात, त्या रंगात ठेवण्यास मान्यता दिली, आणि ज्या व्यक्तीने बंद पोर्टासमोर "चालू" हा शब्द राहू दिला, त्यांनी पुढे येऊन त्याचे कारण सांगावे. मला खाजगी पत्र नको. तशी उत्तरे माझ्याकडे आहेत, त्यांत मला "आदरणीय ग्राहक" म्हटले आहे. उत्तर जाहीर द्यावे, वर्तमानपत्रात द्यावे, मराठीत किंवा हिंदीत द्यावे, त्यात एकही चांदणी नसावी. आणि अक्षर असे असावे की माझ्या पत्नीला ते, मी पुकारा न करता, स्वतः वाचता येईल. लवकर द्यावे. पडद्यावर सध्या दोन शब्द मावतात.